वर्षाला चार विजय : पुणे वॉरियर्सची तीन वर्षे

संस्थेचा इतिहास स्थापनेपासून सांगायचा, संस्थापकांच्या दूरदृष्टीला वंदन करायचे आणि मग वाटचालीकडे वळायचे, असा स्मरणिकांचा रिवाज आहे. तो पाळू. पुणे वॉरियर्स इंडिया या संघाची स्थापना २१ मार्च २०१० रोजी चेन्नईत झाली. आयपीएलमध्ये दोन नवे संघ घ्यायचे ठरले होते आणि त्यांच्या मालकीचा लिलाव होता. सहारा समूहाने पुण्यासाठी ३७ कोटी डॉलर मोजले. दहा वर्षांत फेडायची ही रक्कम रुपयांत १,७०२ कोटी होत होती, म्हणजे वर्षाला १७० कोटी. दोनच वर्षांपूर्वी सगळ्यांत महाग ठरलेला मुंबई इंडियन्स ११ कोटी १९ लाख डॉलरला गेला होता. त्याच्या तिपटीहून जास्त पैसे ज्या संघासाठी गेले, त्याच्याकडे त्या दिवशी एक खेळाडू नव्हता, मैदान नव्हते आणि पुण्यात उतरायला जागाही नव्हती.

मैदान मिळाले ते आपल्याकडे. पुण्याजवळचे गहुंजेचे मैदान तयार व्हायचे होते, म्हणून २०११चा पहिला मोसम पुण्याचा संघ नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळला. नवी मुंबई म्हटली तरी नेरुळ ठाणे जिल्ह्यातच, त्यामुळे पुणे वॉरियर्सचा जन्म चेन्नईत आणि पहिला पाळणा ठाणे जिल्ह्यात, अशी नोंद या स्मरणिकेत करायला हरकत नाही. कल्याण-डोंबिवलीकरांना तर ते सोयीचेच होते. ठाण्याला उतरायचे, पूल ओलांडून नऊ-दहा नंबरच्या फलाटावर जायचे आणि नेरुळ गाडी पकडायची. वानखेडेपेक्षा जवळ, आणि तिकीट मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त. मुंबईचा सामना असला तर प्रश्नच नव्हता. ४ मेला मुंबई इंडियन्स नेरुळला 'पाहुणे' म्हणून आले, तेव्हा यजमानांच्या घरात लोक कोणासाठी ओरडणार हे सांगायला नको. तो सामना पुणे हरले.

पण पहिल्या सामन्याबद्दल आधी लिहिले पाहिजे, कारण या संघाच्या इतिहासात आनंदाचे दिवस थोडे आहेत. १० एप्रिल २०११ला पंजाबला ११२ धावांवर रोखून पुण्याने सात गडी राखून सामना खिशात घातला. सामनावीर होता विदर्भाचा डावखुरा मध्यमगती गोलंदाज श्रीकांत वाघ, १६ धावांत ३ बळी. तीन दिवसांनी कोचीलाही हरवले. दोन सामने, दोन विजय. त्यानंतर ओळीने सात पराभव.

आता लिलावाकडे वळतो, कारण गोम तिथे आहे.

जानेवारी २०११मध्ये बंगळूरला दोन दिवस खेळाडूंचा लिलाव चालला. प्रत्येक संघाला ९० लाख डॉलरची मर्यादा होती. पुण्याने रॉबिन उथप्पाला २१ लाख डॉलर दिले, युवराज सिंगला १८ लाख, श्रीलंकेच्या अँजेलो मॅथ्यूजला साडेनऊ लाख आणि आशिष नेहराला साडेआठ लाख. चौघांत ५७ लाख संपले. उरलेल्या ३३ लाखांत ग्रॅम स्मिथ पाच लाखांना, मुरली कार्तिक चार लाखांना आणि बाकीचा सगळा संसार. युवराजबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. तीनच महिन्यांत तो विश्वचषकाचा मालिकावीर ठरला. पण त्याच विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत मॅथ्यूजचा स्नायू दुखावला आणि नेहराचे बोट मोडले. दोघेही त्या मोसमात पुण्याकडून एक चेंडू खेळले नाहीत. दोघांची किंमत मिळून १८ लाख डॉलर, म्हणजे संघाच्या तिजोरीचा पाचवा हिस्सा दवाखान्यात. मॅथ्यूजच्या बाबतीत नशिबाला बोल लावता येईल. नेहराच्या बाबतीत नाही. तो किती चांगली गोलंदाजी करतो हे जसे सगळ्यांना माहीत होते, तसेच तो वर्षातले किती महिने उभा असतो हेही सगळ्यांना माहीत होते.

ज्यांनी भारताची टोपी घातली नव्हती अशी मुले त्या वर्षी लिलावात नव्हती. त्यांच्याशी संघ थेट करार करत आणि मानधन क्रिकेट बोर्डाने ठरवून दिलेले असे, दहा ते तीस लाख रुपये. म्हणजे इथे पैशांची शर्यत नव्हती, नजर लागत होती. डोंबिवलीत वाढलेला, एस. व्ही. जोशी हायस्कूलमधून दहावी झालेला अजिंक्य रहाणे तेव्हा याच गटात होता. रणजीत त्याने धावांचा डोंगर रचलेला होता. मुंबई इंडियन्समध्ये तीन मोसम त्याच्या वाट्याला फारसे काही आले नव्हते. २०११ला तो राजस्थानकडे गेला आणि पुढच्याच मोसमात तिथे ५६० धावा काढून बसला. नेरुळहून डोंबिवली किती लांब, हा प्रश्न आम्ही त्या वेळी कट्ट्यावर पुष्कळदा विचारला. पुण्याच्या मालकांचे कार्यालय लखनौला होते, हे त्याचे एक उत्तर असू शकेल.

तरी याच गटातून पुण्याने जी मुले उचलली त्यांत दोन मोती निघाले, हे नोंदवणे न्यायाचे होईल. पंजाबचा उंचापुरा लेगस्पिनर राहुल शर्मा पहिल्या मोसमात १६ बळी घेऊन गेला आणि त्याच डिसेंबरात भारताकडून खेळला. दुसरा मेरठचा भुवनेश्वर कुमार. त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

मोसमाच्या मध्याला नेहराच्या जागी सौरव गांगुली आला. जानेवारीच्या लिलावात गांगुलीचे नाव पुकारले गेले तेव्हा एकाही संघाने हात वर केला नव्हता, पुण्यानेही नाही. गोलंदाज जायबंदी झाला म्हणून अडतीस वर्षांचा फलंदाज घेणे याला संघबांधणी म्हणत नाहीत. पण या संघाच्या पद्धतीत ते अगदी चपखल बसले. पद्धत अशी की भोक कुठे पडले आहे ते बघायचे नाही, बाजारात कोणते मोठे नाव मोकळे आहे ते बघायचे. पहिल्या वर्षी १४ सामन्यांत ४ विजय, ९ पराभव, दिल्लीचा शेवटचा सामना पावसात. दहा संघांत नववा क्रमांक.

२०१२च्या सुरुवातीला युवराजच्या कर्करोगाची बातमी आली आणि तो उपचारांसाठी अमेरिकेला गेला. इथून पुढे जे झाले ते मैदानाबाहेरचे आहे, पण मैदानावर त्याची किंमत चुकती करावी लागली. युवराजवर खर्च झालेले १८ लाख डॉलर यंदाच्या लिलावात वापरू द्या, अशी सहाराची मागणी होती. बोर्डाने नियम दाखवला. ४ फेब्रुवारीला, ऐन लिलावाच्या सकाळी, सहाराने भारतीय संघाचे प्रायोजकत्व आणि आयपीएल दोन्ही सोडत असल्याचे जाहीर केले. बाकीचे संघ बोली लावत असताना पुण्याचे टेबल रिकामे होते. जेमतेम दोन आठवड्यांत समेट झाला आणि संघ परत आला, पण लिलाव होऊन गेला होता. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. सामन्यांच्या संख्येचे भांडण तर आधीपासून होते. सहाराने पैसे मोजले ते मोसमात ९४ सामने होणार या हिशेबाने, प्रत्यक्षात झाले ७४. मालकांची ही तक्रार अगदीच बिनबुडाची नव्हती, असे माझे मत आहे. पण मालकाचे लक्ष वकिलाच्या कागदांवर असले की संघाची यादी कोण वाचणार?

आता कर्णधार गांगुली. आणि गंमत म्हणजे सुरुवात झकास झाली. ६ एप्रिलला वानखेडेवर फक्त १२९ धावा करून पुण्याने मुंबईला १०१वर थोपवले. अशोक दिंडाने चार बळी घेतले. दोन दिवसांनी गहुंजेच्या नव्या मैदानावर पहिला आयपीएल सामना, पंजाबविरुद्ध, तोही जिंकला. मग चेन्नईला हरवले, दिल्लीला दिल्लीत हरवले. २१ एप्रिलपर्यंत सात सामन्यांत चार विजय. मध्ये १७ तारखेला बंगळूरमध्ये ख्रिस गेलने राहुल शर्माला ओळीने पाच षटकार ठोकले, आणि शेवटच्या षटकात २१ धावा हव्या असताना नेहराच्या षटकात बंगळूरने त्या काढल्या, अखेरच्या चेंडूवर सौरभ तिवारीचा षटकार. तो पराभव लागला, पण तोपर्यंत गाडी रुळावर होती.

त्यानंतर नऊच्या नऊ सामने हरले. ३ मेला गहुंजेत मुंबईने केलेल्या १२० धावांचा पाठलाग करताना पुणे ११९वर थांबले. ५ मेला ईडन गार्डन्सवर गांगुली कोलकात्याविरुद्ध कोलकात्यात उतरला, निम्मे स्टेडियम त्याच्या बाजूचे, आणि पुणे सात धावांनी हरले. नऊ संघांत नववा क्रमांक. पुढच्या मोसमाचे पहिले दोन सामनेही गेले, म्हणजे सलग अकरा.

मोसमांच्या मध्ये आयपीएलमध्ये खेळाडूंची अदलाबदल करता येते. २०१३पूर्वी पुण्याने एक सौदा केला, दिल्लीला आशिष नेहरा दिला आणि रॉस टेलर घेतला. कागदावर हा सौदा वाईट नव्हता, उलट पुण्याचे पारडे जड वाटले. पण पुण्याच्या फलंदाजीत तोवर उथप्पा, मनीष पांडे, स्टीव्ह स्मिथ, मिचेल मार्श, युवराज आणि मॅथ्यूज होते. परदेशी खेळाडू अकरात चारच खेळवता येतात. जिथे आधीच गर्दी होती तिथे आणखी एक भारी माणूस आणून बसवला. बांगलादेशचा तमीम इक्बाल तर दोन मोसम पुण्याच्या ताफ्यात राहिला आणि एकही सामना न खेळता परत गेला.

फेब्रुवारी २०१३चा लिलाव वाचताना मला अजूनही हसावे की रडावे कळत नाही. फिरकीपटू अजंता मेंडिसची मूळ किंमत ५० हजार डॉलर होती, पुण्याने त्याला सव्वासात लाखांना घेतले. त्याच्या 'कॅरम बॉल'चे गूढ उकलून तोवर चार-पाच वर्षे झाली होती. ऑस्ट्रेलियाचा तरुण वेगवान गोलंदाज केन रिचर्डसन, मूळ किंमत एक लाख, गेला सात लाखांना. अभिषेक नायर पावणेसात लाखांना. मायकेल क्लार्क चार लाखांना घेतला आणि पाठीच्या दुखण्यामुळे तो स्पर्धेला आलाच नाही. क्लार्कची पाठ हे ऑस्ट्रेलियन क्रिकेटमधले जुने प्रकरण होते, वर्तमानपत्रे वाचणाऱ्या कुणालाही ठाऊक. चौघांत मिळून २५ लाख डॉलर गेले. त्याच वर्षी घेतलेल्या एका खेळाडूचे नाव मात्र कौतुकाने लिहायचे. परवेझ रसूल. जम्मू-काश्मीरच्या या अष्टपैलू खेळाडूला आयपीएलमध्ये पहिले दार उघडले ते पुण्याने.

कर्णधारपद मॅथ्यूजकडे आले. मार्चअखेरीस तामिळनाडू सरकारच्या भूमिकेमुळे श्रीलंकेच्या खेळाडूंना चेन्नईत खेळता येणार नाही असे ठरले. हे कोणाला आधी कळणे शक्य नव्हते. १५ एप्रिलला चेपॉकवर मॅथ्यूज नाही, मेंडिस नाही, कर्णधार रॉस टेलर. आणि चेन्नईला त्यांच्याच किल्ल्यात पुण्याने २४ धावांनी हरवले. दोनच दिवसांनी हैदराबादविरुद्ध १२० धावांचे लक्ष्य होते, अमित मिश्राने हॅटट्रिक घेतली आणि पुणे १०८त गारद. मग कर्णधारपद आरोन फिंचकडे गेले. युवराज, गांगुली, मॅथ्यूज, टेलर, फिंच असे तीन वर्षांत कर्णधार बदलत राहिले. प्रशिक्षक पहिल्या वर्षी जेफ मार्श होते, शेवटच्या वर्षी ॲलन डोनाल्ड.

२३ एप्रिल २०१३ची संध्याकाळ कोणी विसरलेले नाही, फक्त सगळ्यांना ती गेलची संध्याकाळ म्हणून आठवते. बंगळूरला फिंचने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतले. गेलने ३० चेंडूंत शतक केले, ६६ चेंडूंत नाबाद १७५, त्यात १७ षटकार. बंगळूर ५ बाद २६३. अली मुर्तझाच्या दोन षटकांत ४५ गेल्या, मिचेल मार्शच्या तीन षटकांत ५६. कर्णधाराने वैतागून स्वतः चेंडू घेतला आणि त्या एका षटकात २९ दिल्या. पुण्याने ९ बाद १३३ केल्या, आणि शेवटच्या षटकात गेलनेच दोन बळीही घेतले.

पण त्या दिवसाचा गोलंदाजीचा तक्ता एकदा शांतपणे वाचावा. भुवनेश्वर कुमार : ४ षटके, २३ धावा. ल्यूक राइट : ४ षटके, २६ धावा, १ बळी. इतरांच्या १२ षटकांत २११ गेल्या असताना या दोघांच्या आठ षटकांत ४९. ज्या दिवशी गेलसमोर उभे राहायची कोणाची छाती नव्हती, त्या दिवशी सहापेक्षाही कमी धावगतीने चार षटके टाकणारा पोरगा तुमच्याच घरात तीन वर्षे आहे, ठरलेल्या मानधनावर आलेला. हा संघ निवड करायला चुकत होता असे सरसकट म्हणतात, ते म्हणूनच मला पटत नाही. निवडलेले हिरे होते. पण दरवर्षी नवे लग्न, नवा मांडव, नवा यजमान. त्या गडबडीत कोणाच्या भोवती संघ उभा करायचा हे ठरवायला कोणी बसलेच नाही. महाग माणसांना खेळवायचे दडपण होते आणि स्वस्त माणसे आपोआप दुय्यम ठरत होती.

शेवटचा सामना १९ मे २०१३, गहुंजे, समोर दिल्ली. दोन्ही संघांचे तीन-तीन विजय झालेले, त्यामुळे शेवटून पहिला कोण याचाच तो निकाल होता. पुणे जिंकले आणि तळाची जागा दिल्लीला मिळाली. तीन मोसमांत प्रत्येकी चार, एकूण ४६ सामन्यांत १२ विजय. कर्णधार बदला, प्रशिक्षक बदला, मैदान बदला, विजयांचा आकडा चारच. दोन दिवसांनी बोर्डाने थकलेल्या शुल्कापोटी सहाराची बँक हमी वटवली, सहाराने संघ काढून घेत असल्याचे जाहीर केले आणि ऑक्टोबरात बोर्डाने करार रद्द केला.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये तळाला राहिलेल्या संघाला पुढच्या वर्षी नवोदितांच्या निवडीत पुढचा मान देतात. आता तिथे त्यासाठी चिठ्ठ्याही टाकतात, पण संधी जास्त ती हरणाऱ्यालाच. हरणाऱ्याला उभे राहता यावे एवढाच हेतू. आयपीएलमध्ये तशी सोय नाही. शेवटचा आलेला आणि पहिला आलेला सारख्याच मर्यादेत बोली लावतात. अर्थात पहिला मान मिळूनही माती करणारे संघ तिथे पुष्कळ आहेत. हातचा हिरा गमावणारेही आहेत. १९१९च्या अखेरीस बोस्टनच्या रेड सॉक्सने बेब रूथ हा आपला हुकमी खेळाडू न्यूयॉर्कच्या यांकीजला विकला आणि पुढच्या अजिंक्यपदासाठी २००४पर्यंत थांबले. पुण्याला तेवढे थांबायची सवड मिळाली नाही. पुण्याचे रूथ संघ बुडाल्यावर एकदम बाजारात आले.

फेब्रुवारी २०१४च्या लिलावात उथप्पाला कोलकात्याने पाच कोटींना घेतले. त्या मोसमात त्याने ६६० धावा काढून ऑरेंज कॅप मिळवली. मनीष पांडेही कोलकात्याकडेच गेला, आणि अंतिम सामन्यात त्याच्या ९४ धावांनी कोलकाता विजेते झाले. भुवनेश्वरला हैदराबादने सव्वाचार कोटींना घेतले. २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षे स्पर्धेत सर्वाधिक बळी त्याचे होते, आणि २०१६ला हैदराबाद विजेते होते. फिंचने २०२१ला ऑस्ट्रेलियाला टी-ट्वेंटीचा विश्वचषक जिंकून दिला, त्या अंतिम सामन्यातला सामनावीर मिचेल मार्श. नेहरा २०२२ला गुजरातचा प्रशिक्षक म्हणून पहिल्याच मोसमात अजिंक्यपद घेऊन गेला. हे सगळे कधी ना कधी पुण्याच्या ड्रेसिंग रूममध्ये बसलेले.

पुण्याला नंतर दोन वर्षांसाठी दुसरा संघ मिळाला, चेन्नई आणि राजस्थानवर बंदी आली होती म्हणून. रायझिंग पुणे सुपरजायंट्स. रहाणे आता पुण्याकडून खेळला, राजस्थानवरून फेरा मारून का होईना. पहिल्या वर्षी धोनी कर्णधार असून सातवा क्रमांक. दुसऱ्या वर्षी बेन स्टोक्सला साडेचौदा कोटी मोजले आणि ते पैसे वसूल झाले. पण खरी मजा पुढे आहे. राहुल त्रिपाठी नावाचा, महाराष्ट्राकडून खेळणारा सलामीवीर दहा लाखांना, मूळ किमतीला, घेतला होता. त्याने ३९१ धावा केल्या. तीस लाखांच्या जयदेव उनाडकटने २४ बळी घेतले. पुण्याला पहिल्यांदा योग्य माणसे योग्य भावात मिळाली, कर्णधार स्टीव्ह स्मिथ, जो २०१२-१३ला त्याच शहराच्या बुडत्या संघात होता. अंतिम सामन्यात मुंबईच्या १२९ धावा आणि पुण्याच्या १२८.

आणि करार संपला. २०१८ला कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईचे घरचे सामने हलवावे लागले, तेव्हा ते गहुंजेला आले. चेन्नईहून खास रेल्वेगाडी भरून प्रेक्षक आले, मैदान पिवळे झाले आणि चेन्नई त्या वर्षी विजेते ठरले.